परीक्षा देऊन पदवी : ब्रिटनमधला हिशेब

इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये ऑनर्सची पदवी ३६० क्रेडिटची असते. विद्यार्थ्याने साधारण दहा तास अभ्यास केला की एक क्रेडिट धरतात. या दहा तासांत व्याख्यान, ग्रंथालयातले वाचन, घरचा निबंध आणि परीक्षेची तयारी हे सगळे येते. वर्षाला १२० क्रेडिट, म्हणजे बाराशे तास, आणि अशी तीन वर्षे. स्कॉटलंडमध्ये ऑनर्सला चार वर्षे लागतात, म्हणून तिथे हाच आकडा ४८० होतो. ही सगळी क्रेडिट एकाच विद्यापीठात आणि एका दमात मिळवण्याची सक्ती नाही. पूर्वी दुसरीकडे शिकलेले काही धरले जाते आणि उरलेले पूर्ण करून पदवी घेता येते. लग्न, नोकरी, आजारपण किंवा देशांतर यामुळे ज्यांचे शिक्षण मधेच राहिले, त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे. मात्र वर्गात न बसता, नुसत्या परीक्षा देऊन यातली किती क्रेडिट पदरात पडतात, हे परीक्षा कोण घेते यावर ठरते.

अमेरिकेत हा मामला सरळ आहे. कॉलेज बोर्ड या संस्थेने १९६७ साली ‘क्लेप’ परीक्षा सुरू केल्या. विषय निवडायचा, फी भरायची, संगणकासमोर दीड-दोन तास बसायचे. २० ते ८० या मापात ५० गुण पडले की अनेक कॉलेजे त्या विषयाची क्रेडिट देतात. न्यू जर्सीतले थॉमस एडिसन स्टेट विद्यापीठ किंवा न्यूयॉर्क राज्यात जन्मलेले एक्सेल्सिअर यांच्यासारख्या संस्थांनी अशा परीक्षांच्या बळावर पदवीचा मोठा भाग पुरा करण्याची वाट आखून दिली. ब्रिटिश विद्यापीठांत ‘क्लेप’वर क्रेडिट देण्याची प्रथा नाही. ब्रिटनच्या भूमीवर या परीक्षांना मोल आहे ते सफकमधल्या लेकनहीथ आणि मिल्डनहॉलसारख्या हवाई तळांवरच्या अमेरिकी सैनिकांना, आणि त्यांची पदवीही अमेरिकीच असते. महाजालावर अमेरिकी सल्ला वाचून लंडनमध्ये किंवा लेस्टरमध्ये ‘क्लेप’ची पुस्तके विकत घेणाऱ्याचे पैसे वाया जातात.

गंमत अशी, की वर्गाशिवाय नुसत्या परीक्षेवर पदवी देण्याची प्रथा रुजवली ती ब्रिटननेच. लंडन विद्यापीठ १८३६ साली सनदेने स्थापन झाले ते शिकवण्यासाठी नव्हे, परीक्षा घेऊन पदव्या देण्यासाठी. सुरुवातीला उमेदवार ठरावीक कॉलेजांमधून यावा लागे. १८५८ च्या नव्या सनदेने वैद्यक सोडून बाकी विषयांत ही अट काढून टाकली. कुठेही शिका, कसेही शिका, घरी दिव्याखाली वाचा. परीक्षा उत्तीर्ण झालात तर पदवी तुमची. १८६५ मध्ये मॉरिशसमध्ये परीक्षा झाली आणि ही पद्धत समुद्रापार गेली. १८७८ साली याच विद्यापीठाने पदव्या स्त्रियांना खुल्या केल्या. तसे करणारे ब्रिटनमधले ते पहिले विद्यापीठ. कादंबरीकार एच. जी. वेल्स १८९० मध्ये असेच बाहेरून परीक्षा देऊन बी.एस्सी. झाले. नेल्सन मंडेला यांनी तुरुंगातून लंडनच्याच एलएल.बी.चा अभ्यास केला होता. नॉटिंगहॅम, साउदॅम्प्टन, लेस्टर, हल, एक्झिटर या आजच्या स्वतंत्र विद्यापीठांचे पूर्वज असलेली कॉलेजेही कित्येक वर्षे आपल्या विद्यार्थ्यांना लंडनच्या बाह्य पदवीलाच बसवत होती.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये याच लंडनी नमुन्यावर उभे राहिले. शिकवायचे कॉलेजांनी आणि परीक्षा घ्यायची विद्यापीठाने, ही विभागणी तिथूनच आली. १८६२ मध्ये महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर ज्या पहिल्या तुकडीत बी.ए. झाले, तिची परीक्षा घेणारे विद्यापीठ स्वतः एकही तास शिकवत नव्हते. महाराष्ट्रात पुढे ‘बहिःस्थ विद्यार्थी’ ही जात निर्माण झाली, सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसणारे लाखो लोक झाले, त्या वृत्तीचे मूळ या व्यवस्थेत शोधता येईल.

लंडन विद्यापीठाचा हा दूरशिक्षण विभाग अजून चालू आहे. त्याची नावे मात्र बदलत गेली. कायदा, अर्थशास्त्र, वित्त, संगणकशास्त्र अशा विषयांत तिथे पदवी घेता येते. अर्थशास्त्र आणि वित्ताच्या अभ्यासक्रमांची शैक्षणिक सूत्रे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सकडे आहेत. त्यांतल्या अनेक विषयांत वर्षाचा निकाल मुख्यतः मे-जूनच्या लेखी परीक्षेवर लागतो. परीक्षेतून क्रेडिट या कल्पनेच्या सगळ्यात जवळ जाणारा ब्रिटिश प्रकार हाच. फरक एवढाच, की इथली परीक्षा सुटी विकत घेऊन भलत्याच विद्यापीठाच्या पदवीला जोडायची नसते. ती त्याच विद्यापीठाच्या, त्याच पदवीची असते. दुसरी कोणती पदवी आधीच हातात असेल, तर ‘ग्रॅज्युएट एंट्री’च्या मार्गाने काही विषय वगळून कमी काळात ती पुरी करता येते. ज्याला एकट्याने पुस्तक फोडून वाचण्याची सवय आहे, त्याला ही वाट मानवते. ज्याला दर पंधरवड्याला कोणी तरी टोकणारे हवे असते, त्याची नोंदणी दोन वर्षांत तशीच पडून राहते.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनचा कल परीक्षेकडून शिक्षणाच्या नोंदीकडे वळला. १९६४ मध्ये नॅशनल ॲकॅडमिक अवॉर्ड्‌स परिषद स्थापन झाली आणि पॉलिटेक्निकांतल्या विद्यार्थ्यांना तिच्यामार्फत पदव्या मिळू लागल्या. ओपन युनिव्हर्सिटीला १९६९ मध्ये सनद मिळाली आणि १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी आले. प्रवेशाला कोणतीच शैक्षणिक अट नाही, आणि पदवी एकेक अभ्यासघटक जोडत पुरी करायची, हे तिचे वैशिष्ट्य. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठासमोर १९८९ मध्ये जे नमुने होते, त्यांतला हा ठळक नमुना. त्याच दशकात ब्रिटनमध्ये क्रेडिट साठवण्याची आणि एका संस्थेतून दुसरीकडे नेण्याची रीतसर योजना आली. आज विद्यापीठे दोन प्रकारचे पूर्वशिक्षण मानतात: एक प्रमाणपत्र असलेले, दुसरे कामाच्या अनुभवातून आलेले. दुसऱ्यासाठी परीक्षा क्वचितच असते. उमेदवाराने आपल्या कामाचे पुरावे, अहवाल आणि त्यावरचे लेखन यांची फाइल सादर करायची असते, आणि ती नीट बांधायला एखाद्या अभ्यासघटकाइतकाच वेळ जातो.

क्रेडिटच्या आकड्याइतकीच पातळी महत्त्वाची, आणि घोळ बहुतेक तिथेच होतो. पदवीच्या पहिल्या वर्षाचे काम पातळी ४ चे, दुसऱ्याचे ५ चे, तिसऱ्याचे ६ चे. पातळी ४ ची दोनशे क्रेडिट जमवली म्हणून पदवी अर्ध्याच्या पुढे गेली असे होत नाही. त्यांतली १२० लागू पडतील, बाकीची बहुधा नुसती कागदावर राहतील. वरच्या पातळीची क्रेडिट खाली वापरता येतात, खालची वर चढत नाहीत.

भारतीय गुणपत्रिकेचे काय? भारताच्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाचे बाराशे तास आणि ४० क्रेडिट धरली आहेत. ब्रिटनमध्ये त्याच बाराशे तासांची १२० होतात. म्हणजे तासांच्या भाषेत एक भारतीय क्रेडिट बरोबर तीन ब्रिटिश क्रेडिट. गणित सुटसुटीत आहे, पण विद्यापीठ त्यावर थांबत नाही. समजा, पुण्यात बी.कॉम.चे पहिले आणि दुसरे वर्ष पूर्ण करून, तिसऱ्याला दोन केटी राहिल्या असताना एक मुलगी लग्न होऊन स्लाउला आली. तासांच्या हिशेबाने तिच्या नावावर २४० क्रेडिट दिसतात. ब्रिटिश विद्यापीठ मात्र विषयागणिक बघणार. वाणिज्य गणित, व्यावसायिक अर्थशास्त्र, लेखाकर्म यांची पातळी ४ मान्य होणे सोपे. दुसऱ्या वर्षाचा कंपनी कायदा भारतीय कंपनी कायद्यावर आहे, तेव्हा इंग्लंडच्या लेखा पदवीत त्याला जागा नाही. भाषेचा पेपर, पर्यावरणाचा पेपर हे ठरावीक विषयाच्या पदवीत बसत नाहीत, पण ओपन युनिव्हर्सिटीच्या ‘ओपन’ पदवीत बसू शकतात, कारण त्या पदवीत विषयांची मोळी विद्यार्थीच बांधतो. तीच मुलगी, त्याच गुणपत्रिका. एका पदवीसाठी वर्ष वाचते आणि दुसरीसाठी वाचत नाही. तिसऱ्या वर्षी उत्तीर्ण झालेले सुटे पेपर धरले जातील की नाही, हा तर त्या त्या विद्यापीठाच्या मर्जीचा भाग.

म्हणून आधी पदवी आणि विद्यापीठ ठरवायचे, मग कोणती परीक्षा द्यायची ते. उलट क्रमाने जाणारे लोक खूप दिसतात. सोपी परीक्षा हाताशी आली म्हणून दिली, प्रमाणपत्र मिळाले, आणि मग ते कोण घेईल याचा शोध सुरू झाला. क्रेडिट मान्य करणे हा स्वीकारणाऱ्या विद्यापीठाचा अधिकार आहे. देणाऱ्या संस्थेने प्रमाणपत्रावर काहीही छापले तरी तो अधिकार हलत नाही.

ब्रिटनमध्ये ज्या परीक्षांचे निकाल पदवीच्या कामी येतात, त्यांत शाळेच्या शेवटी होणाऱ्या ए लेव्हलची स्थिती सगळ्यात चमत्कारिक. याच परीक्षेवर अनेक अमेरिकी विद्यापीठे क्रेडिट देतात. इंग्लंडमध्ये मात्र ती फक्त दाराची चावी, कारण तिथली तीन वर्षांची पदवी ए लेव्हलचा अभ्यास झाला आहे असे धरूनच रचलेली असते. स्कॉटलंडमध्ये परत चित्र बदलते. तिथली मुले ‘हायर’ देऊन चार वर्षांच्या पदवीला जातात. ज्यांच्याकडे ‘ॲडव्हान्स्ड हायर’ किंवा ए लेव्हलचे चांगले गुण आहेत, त्यांना एडिंबरा, ॲबर्डीन, डंडी अशा विद्यापीठांत काही विषयांना थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. शाळेच्या परीक्षेवर पदवीचे अख्खे वर्ष वाचवण्याची ही ब्रिटनमधली खरीखुरी सोय. तरी फार थोडी मुले ती घेतात. पहिल्या वर्षी मैत्री जमते, शहर कळते, विषय बदलायची मुभा असते, आणि ते सोडायला अठरा वर्षांचे कोणी सहसा राजी नसते. तिशीतल्या माणसाने मात्र या सोयीची चौकशी जरूर करावी.

एचएनसी आणि एचएनडी या व्यावसायिक पात्रता परीक्षेपेक्षा प्रकल्पांवर आणि असाइनमेंटवर मिळतात, पण क्रेडिटच्या बाजारात त्यांचे नाणे खणखणीत आहे. इंग्लंडमधल्या पिअर्सन या संस्थेच्या एचएनसीला पातळी ४ ची १२० आणि एचएनडीला पातळी ५ पर्यंतची २४० क्रेडिट असतात. त्यापुढे एका वर्षाची ‘टॉप-अप’ पदवी करता येते. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांची गर्दी इथेच जास्त.

व्यावसायिक संस्थांच्या परीक्षा हा वेगळाच प्रांत. त्यांतले सगळ्यात गाजलेले उदाहरण मुंबई-पुण्याच्या वाणिज्य शाखेतल्या मुलांना पाठ आहे: लेखापालांची संस्था एसीसीए आणि ऑक्सफर्ड ब्रुक्स विद्यापीठ. एसीसीएच्या पहिल्या दोन टप्प्यांतले नऊ पेपर उत्तीर्ण व्हायचे किंवा त्यांतून सूट मिळवायची, आणि त्यावर एक संशोधन प्रकल्प लिहून ब्रुक्सची ‘अप्लाइड अकाउंटिंग’मधली बी.एस्सी. ऑनर्स घ्यायची. वरवर पाहता पदवी फुकटात पडल्यासारखी. पण वित्तीय अहवाल, लेखापरीक्षण आणि वित्तीय व्यवस्थापन या तीन पेपरांना सूट चालत नसे. ते स्वतः देऊन उत्तीर्ण व्हावेच लागत. प्रकल्प साडेसात हजार शब्दांचा, शिवाय आपण काय शिकलो यावर दोन हजार शब्दांचे निवेदन. एखाद्या कंपनीच्या तीन वर्षांच्या ताळेबंदांचे विश्लेषण हा मुलांचा आवडता विषय होता. गुणोत्तरे काढून तक्ते भरले की झाले, असा समज असे. आणि आकडा का बदलला याचे उत्तर न दिल्यामुळे प्रकल्प परत येत. नोंदणीपासून दहा वर्षांची मुदत होती, आणि नोकरी-संसारात ती किती जणांची निसटली असेल! आता ही योजना गुंडाळण्याचा निर्णय झाला आहे. जुन्या ओळखीच्या कोणी सुचवली म्हणून ती धरून चालणे धोक्याचे. परीक्षेवर उभ्या असलेल्या अशा सोयी दोन संस्थांच्या करारावर जगतात आणि करार संपला की संपतात.

वकिलीतली एसक्यूई परीक्षा २०२१ पासून सुरू झाली, आणि तिच्याविषयी नेहमी गैरसमज होतो. ती सॉलिसिटर होण्याची परीक्षा आहे. सॉलिसिटर म्हणून नोंद होण्यासाठी पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रताही लागते. परीक्षेतून पदवीची क्रेडिट मिळतील असे धरून चालता येत नाही.

समजा विद्यापीठ ठरले आणि बाहेरची क्रेडिट मान्य होण्यासारखी आहेत. तरी मर्यादा असते. बहुतेक विद्यापीठे पदवीचा किमान एक तृतीयांश भाग आपल्याकडेच करायला लावतात, आणि तो शेवटचा, वरच्या पातळीचा भाग असावा अशी अट घालतात. फार जुने शिक्षण नाकारले जाते; संगणकासारख्या विषयात तर मुदत आणखी आखूड. एकदा पदवी देऊन झालेली क्रेडिट दुसऱ्या पदवीसाठी पुन्हा वापरण्यावरही बंधने आहेत.

त्यात पदवीच्या श्रेणीचा मुद्दा दडलेला असतो. ब्रिटनमध्ये नोकरीच्या जाहिरातीत ‘टू-वन’ मागतात, म्हणजे दुसऱ्या वर्गातली वरची श्रेणी. बाहेरून आणलेल्या क्रेडिटना सहसा गुण नसतात, ती फक्त मोजली जातात. ओपन युनिव्हर्सिटीत पहिल्या टप्प्याचे गुण श्रेणीत धरतच नाहीत, तिथे ४० गुणांनी उत्तीर्ण होणे पुरते. यावरून निवडीचे सूत्र आपोआप निघते. बाहेरून आणायची ती पातळी ४ ची क्रेडिट आणावीत, कारण त्या जागी गुणांचा तोटा होत नाही. पातळी ५ ची बाहेरून आणली तर वेळ वाचतो, पण श्रेणी थोड्याच अभ्यासघटकांवर ठरते आणि एखादा पेपर बिघडला की सावरायला जागा राहत नाही. ज्याला पदवीचा कागद हवा आहे, त्याने मिळेल तेवढे आणावे. ज्याला पुढे एम.एस्सी.ला जायचे आहे, त्याने हात आखडता घ्यावा.

कागदपत्रांत गुणपत्रिकेपेक्षा जास्त रखडवतो तो अभ्यासक्रम. ‘लेखाकर्म २ : १०० पैकी ६१’ एवढ्यावर परीक्षक काही ठरवू शकत नाही. त्या वर्षी लागू असलेला अभ्यासक्रम, तासांची संख्या, मूल्यमापनाची रीत हे सगळे इंग्रजीत आणि विद्यापीठाच्या शिक्क्यासह हवे असते. पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंडीतून किंवा मुंबई विद्यापीठाच्या कलिन्यातून ते मिळवायला मागे राहिलेल्या भावाला किंवा वडिलांना हेलपाटे पडतात. भारत सोडण्याआधीच ट्रान्स्क्रिप्टच्या दोन-तीन मोहोरबंद प्रती आणि अभ्यासक्रमाची साक्षांकित प्रत बरोबर घेणे शहाणपणाचे. परदेशी पात्रतेची ब्रिटिश पातळी सांगणारी यूके एनिक ही संस्था आहे. २०२१ पूर्वी तिचे नाव नारिक होते. तिचे पत्र उपयोगी पडते, पण विषयवार क्रेडिट ती ठरवत नाही.

पैशाचे गणित क्रेडिटला बांधलेले आहे. इंग्लंडमधली पूर्णवेळ पदवीची कमाल वार्षिक फी २०२५-२६ साठी ९,५३५ पौंड झाली, तेव्हा १२० क्रेडिट मान्य होणे म्हणजे तेवढ्या रकमेची आणि एका वर्षाच्या पगाराची बचत. सरकारी शिक्षणकर्ज मात्र निवासाच्या अटींवर मिळते. नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला कायम निवासाचा हक्क मिळेपर्यंत ते सहसा मिळत नाही, आणि फी खिशातून भरावी लागते. घरबसल्या शिकवणाऱ्या ओपन युनिव्हर्सिटीच्या प्रवेशावर विद्यार्थी व्हिसाही मिळत नाही. इंग्लंडसाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्याने फीची कमाल मर्यादा क्रेडिटनुसार ठरवण्याची सोय केली. आजीवन शिक्षणहक्काची नवी कर्जयोजना जानेवारी २०२७ पासूनच्या अभ्यासक्रमांना लागू करण्याचे ठरले आहे. चार वर्षांच्या फीएवढी, म्हणजे २०२५-२६ च्या दराने ३८,१४० पौंडांची मर्यादा, आणि काही विषयांत तीस क्रेडिटच्या सुट्या अभ्यासघटकालाही कर्ज. तुकड्यातुकड्याने पदवी पुरी करणाऱ्यांना याचा खरा फायदा व्हावा.

जिथे अडलेले लोक असतात तिथे दुकानेही उघडतात. ‘अनुभवावर थेट पदवी’, ‘सहा आठवड्यांत पातळी ७’ अशा जाहिराती मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवरही फिरतात. यातला फसवा भाग पातळीच्या आकड्याचा असतो. एखाद्या खासगी संस्थेचा डिप्लोमा नियामकाच्या यादीत पातळी ७ चा असू शकतो. त्याने तो एम.एस्सी. होत नाही, आणि त्यावर क्रेडिट देणे कोणत्याही विद्यापीठाला बंधनकारक नसते. पदवी देण्याचा अधिकार नसताना ब्रिटिश पदवी देऊ करणे १९८८ च्या शिक्षण सुधारणा कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि अधिकार असलेल्या संस्थांची यादी सरकार जाहीर करते. पैसे भरण्याआधी ती यादी पाहावी, आणि ज्या विद्यापीठात पुढे जायचे आहे त्याच्या प्रवेश कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्यावे. फोनवरच्या होकाराला किंमत नाही.

सगळी जमवाजमव करूनही ३६० चा आकडा काही जणांच्या हाती लागत नाही. ब्रिटिश व्यवस्थेत त्यासाठी मधली स्थानके आहेत. पातळी ४ ची १२० क्रेडिट झाली की उच्च शिक्षण प्रमाणपत्र, पातळी ५ पर्यंतची २४० झाली की उच्च शिक्षण पदविका मिळू शकते. अनेक विद्यापीठांत ३०० क्रेडिटवर, त्यांतली किमान ६० पातळी ६ ची असतील तर, ऑनर्सविना साधी पदवीही दिली जाते. हे पुष्कळदा आपोआप होत नाही, अर्ज करावा लागतो. शिकणे थांबवणाऱ्याने तो केला नाही, तर मिळवलेली क्रेडिट जुनी होत जातात आणि पाच-दहा वर्षांनी नवे विद्यापीठ ती धरेलच असे नाही.